आत्याच्या हातचं टोपडं

ऐन वैशाखात, सोलापुरात, पंख्याखाली बसून विणकाम शिकणाऱ्या बाईला काय म्हणावं, यावर कलशेट्टींच्या घरात एकमत व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एरवी हे घर कशावर एकमत होणारं नव्हे. दुधनीचं आडत दुकान ठेवायचं की विकायचं, यावर तीन वर्षं धुसफूस चाललेली. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये देवघर कुठल्या भिंतीला असावं, यावरही दोन पक्ष. पण भुवनेश्वरीचं डोकं फिरलंय, हे मात्र सगळ्यांनी हातातला घास खाली न ठेवता मान्य करून टाकलं.

आणि तिला या नादाला लावलं होतं ते घरातल्या सगळ्यात शहाण्या माणसाने, म्हणजे वीरभद्रप्पाकाकांनी.

अंकिताच्या डोहाळजेवणाला काका दुधनीहून आले होते. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी संपवून, मिशीवरचं तूप पुसून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं होतं, "आपल्या घरची रीत ठाऊक आहे ना? आत्यानं स्वतःच्या हातानं केलेलं टोपडं बाळाच्या डोक्यावर चढतं, मगच ती कानात नाव सांगते. बाजारचं चालत नाही."

मल्लेशने, म्हणजे होऊ घातलेल्या बापाने, आपल्या बहिणीकडे पाहिलं. भुवनेश्वरी एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. कुठल्याही बारीक शिरेत पहिल्या झटक्यात सुई घालते, पण साडीला फॉल लावायचा तर टेलरकडे जाते.

"लोकांच्या हातात सुई खुपसणं निराळं," काका म्हणाले, "आणि टोपडं करणं निराळं. जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नको हं, भुवना. आमची धनलक्ष्मी आहे की. तीही आत्याच."

काकांना टोपड्याची काळजी नव्हती, हे तिथल्या भिंतींनाही कळत होतं. सहा वर्षांपूर्वी भुवनेश्वरी दुधनीच्याच सासरहून एका बॅगेनिशी परत आली होती. त्यावर काका तिच्या तोंडावर आजवर चकार शब्द बोलले नव्हते. ते नेहमी शेजारच्या खोलीत बोलायचे, दार उघडं ठेवून. नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईचा हात पाळण्याला नको, एवढं सरळ सांगायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी रीत पुढे केली. दुसरं कारण नावाचं होतं. मुलगी झाली तर तिला आपल्या आईचं, शिवम्मा हे नाव मिळावं असं त्यांच्या मनात. मल्लेश-अंकिताच्या मनात आरोही. धनलक्ष्मी म्हणजे काकांची लेक. वडील म्हणतील ते नाव ती पाळण्यात सांगणार, यात शंकाच नव्हती.

"करते की मी," भुवनेश्वरी म्हणाली होती.

इतकंच. कुणी तिला विचारलं नाही, की बाई, तुला यातून काय मिळणार? विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं. गेली सहा वर्षं घरातल्या प्रत्येक कार्यात ती चहाचे कप मोजत होती आणि चपला नीट लावत होती. हळदीकुंकवाचं ताट तिच्यापाशी येताना ते धरणारीला दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारायचं आठवायचं. या एका पाळण्यापाशी तिला वाकायचं होतं. सगळ्यांसमोर.

सोसायटीच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी सहा-सात बायकांचं विणकाम मंडळ बसायचं. त्याच्या प्रमुख विजयमालाबाई. कन्याशाळेत तीस वर्षं शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झालेल्या आणि त्या तीस वर्षांत कुणाचंही कौतुक केल्याचा पुरावा नसलेल्या.

"हे टाके आहेत की मुरमुरे?" पहिल्याच बुधवारी त्यांनी भुवनेश्वरीची सुई दोन बोटांत उचलून सगळ्यांना दाखवली. "अगं, दोऱ्याचा गळा का आवळतेस? चोर आहे का तो? सैल धर. करंगळीला एक वेढा घे, आपोआप सुटत राहतो."

बाकीच्या बायका हसल्या, आणि मग ज्या हसल्या त्यांनीच खुर्च्या जवळ ओढल्या. एकीने सांगितलं, ओळीतला पहिला टाका न विणता नुसता सुईवर घ्यायचा, म्हणजे कड सरळ येते. दुसरीने सांगितलं, टाका गळाला तर घाबरून ओढायचं नाही, क्रोशाच्या सुईने खालून पायरी पायरीने वर आणायचा. तिसरी म्हणाली, माझ्या पहिल्या स्वेटरला गळाच नव्हता, माझ्या नवऱ्याने तो उशीला घातला. भुवनेश्वरीला हा खवचटपणा आवडला. घरातल्या खवचटपणाला शेवट नसायचा. इथला टाका दुरुस्त झाला की संपायचा.

लोकर मात्र तिने घेतली नाही. बेचाळीस डिग्रीत बाळाच्या डोक्यावर लोकर म्हणजे शिक्षा. लॅबमधल्या एका सहकारिणीच्या सासऱ्यांचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना होता. तिथून दुधाच्या सायीच्या रंगाच्या सुताच्या दोन लडी आल्या. सूत बारीक, म्हणून चार पदर एकत्र घेतले. हाताला जरा करकरीत लागायचं, पण सुईवर टाका कसा खडा उभा राहायचा! विजयमालाबाईंनीही चष्मा वर करून पाहिलं. "सुती माझ्या हातचं नाही, मी लोकरवाली. पण बरं दिसतंय," त्या म्हणाल्या आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन लगेच पुढे म्हणाल्या, "कड सोडून."

चार वेळा उसवून, पाचव्यांदा टोपडं झालं. मुलगी जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भुवनेश्वरीने ते हळूच घालून पाहिलं. भुवयांच्या वर एक बोट, कानांच्या पाळ्या झाकून, बरोब्बर. खाली ती इवलीशी टाळू उडत होती. हात लावायचं धाडस नाही झालं, नुसता तळवा वर धरला. ऊब लागली.

बारशाच्या दिवशी सकाळी स्वामींनी येऊन लिंगधारणा उरकली. ते गेल्यावर हॉलमध्ये पाळणा सजू लागला. काकांनी मुहूर्ताचा कागद टीव्हीवर चिकटवला, बारा चोवीसपर्यंत. अंकिताची आई भीमाबाई जेऊरहून पंधरा दिवस आधीच लेकीच्या बाळंतपणाला येऊन राहिली होती. ती घुगऱ्यांचे भिजवलेले हरभरे निवडत बसली. अकराला भुवनेश्वरी टोपडं आणायला आपल्या खोलीत गेली, तर टोपडं जागेवर नव्हतं.

ते गॅलरीतल्या दोरीवर होतं. आधी तिला ओळखूच आलं नाही. वाटलं, कुणाचा तरी मोजा वाळत घातलाय.

"अव्वा!"

काशम्मा, तिची आई, पदराला हात पुसत आली. "काय झालं ओरडायला? कोरं सूत पोराच्या टाळूला लावतात का? पहाटे कडकडीत पाण्यात घातलं. लिंबाचा पालापण टाकला."

"कडकडीत?"

"मग? उगीच कुणी म्हणायला नको, आत्यानं तसंच घातलं म्हणून."

भुवनेश्वरीने टोपडं काढून हातात घेतलं. मऊ झालं होतं, इतकं मऊ, की दोन महिन्यांत ते कधीच तसं नव्हतं. आणि उंचीला दोन बोटं कमी. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. ही बाई सहा वर्षं दिराच्या हो ला हो म्हणत आलीय. हिने मुद्दाम केलं का? काशम्माच्या चेहऱ्यावर नेहमीचंच होतं सगळं, घाई आणि घाम. त्यावरून काही ठरवता येईना.

हॉलमध्ये भीमाबाईच्या मांडीवर बाळ जागं होतं. भुवनेश्वरीने टोपडं चढवलं. ते कानांच्या वरच थांबलं. सोडल्यावर अलगद वर सरकलं आणि टाळूवर वाटीसारखं बसलं.

आधी धनलक्ष्मी हसली. हातभर बांगड्या, मोबाइल समोर धरलेला. "अक्का, हे पोरीला आहे का नारळाला?"

मग सगळा हॉल हसला. बाळाने जांभई दिली.

"चला," काका घड्याळ बघत म्हणाले, "म्हणजे प्रश्नच मिटला. धनू, काढ ते तुझं."

धनलक्ष्मीने पिशवीतून खोका काढला. खोक्यात मखमलीचं टोपडं, जरीचे मोर, मोत्यांची झालर. पुण्याहून आणलेलं. त्याच्याकडे बघूनच घाम फुटावा.

"हे तुमच्या हातचं का?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. मंडळाच्या वतीने आलेल्या विजयमालाबाई एक पाय दुसऱ्यावर टाकून बसल्या होत्या.

"मोती मी लावलेत," धनलक्ष्मी म्हणाली. "दोन."

"तुम्ही कोण म्हणायच्या?" काकांनी विचारलं.

"हिला विणायला शिकवलं मी."

"अस्सं!" काकांना हवं तेच मिळालं. "तरीच म्हटलं, दोन महिन्यांत कसं जमलं! म्हणजे करून दिलं तुम्ही, नाव हिचं."

"अहो, माझ्या हातचं असतं," विजयमालाबाई थंडपणे म्हणाल्या, "तर ती कड अशी सापासारखी गेली असती का? बघा तरी. मला दोष द्यायचा तर शोभेल असा द्या."

भुवनेश्वरी तिथून निघून स्वयंपाकघरात आली. मागोमाग मल्लेश.

"अक्का, ऐक ना. डोक्यात राख घालून घेऊ नको. काकांना करू दे त्यांच्या मनासारखं. पाळण्यात शिवम्मा म्हणू देत. दाखल्यावर आम्ही आरोहीच लिहिणार. मी अंकिताला समजावतो."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी कुठं बसते तुझ्या या हिशेबात?"

मल्लेश गोंधळला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "तुझं काय जातंय त्यात? नाव तर आरोहीच राहणार."

म्हणजे दोन महिने हा जो भाऊ 'अक्का, शाबास' म्हणत होता, तो एका नावासाठी. काकांना टोपडं नको होतं आणि भावाला नाव हवं होतं. दोघांच्या मधे जी बाई होती ती कुणालाच लागत नव्हती. भुवनेश्वरीला रडू आलं नाही, राग आला. स्वच्छ, कोरडा राग.

"जा," ती म्हणाली. "घुगऱ्या वाढ लोकांना. तेवढं जमेल तुला."

ती तोंड धुवायला मोरीत गेली. कोपऱ्यात पहाटेची बादली अजून तशीच होती. लिंबाचा पाला तळाशी, आणि पाणी... पाणी पांढुरकं. तिने हात घातला. बोटं एकमेकांना चिकटली. तिने वास घेतला. कांजी. साडीला घालतात ती.

खळ!

कारखान्याचं सूत. मागावर ताणलं जाताना तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते. टॉवेल विणून झाला, धुतला, की खळ जाते, सूत आक्रसतं आणि मऊ पडतं. सोलापुरातल्या कुठल्याही मागवाल्याला झोपेतून उठवून विचारा. पण मागवाले सुयांनी विणत नाहीत, आणि सुयांनी विणणाऱ्या त्या सहा-सात जणींनी जन्मात लोकरीशिवाय काही धरलं नव्हतं. सहकारिणीला वाटलं, भुवनेश्वरीला माहीत असेल. विजयमालाबाईंना वाटलं, सुती सूत असंच करकरीत असेल. जो टाका कसा खडा उभा राहायचा म्हणून ती दोन महिने खुश होती, तो खळीवर उभा होता.

आता जे उरलं होतं ते मात्र नुसतं सूत होतं. ते आणखी आक्रसणार नव्हतं.

तिने आईला हाक मारली. काशम्मा दारात आली तेव्हा भुवनेश्वरी उरलेली लडी पदर पदर सोडवत होती.

"अव्वा, पाणी तापव. तसंच, कडकडीत."

"परत?"

"याची खळ काढायची. खालच्या कडेचे टाके उचलून दोन बोटं पट्टी वाढवते. ऐंशी टाके, दहा ओळी."

"साकु," काशम्मा म्हणाली. पुरे. "किती हसं करून घेशील? साडेअकरा वाजले."

"तूच धुतलंस ना?"

काशम्मा ओट्याकडे वळली. गॅस मोठा केला. पाणी तापेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि मग भुवनेश्वरीने हात पुढे करायच्या आत तिने स्वतः लडी पाण्यात बुडवली, चिमट्याने दाबली, वर काढली आणि त्या वाफाळत्या सुताला पीळ घातला. तळवे लालबुंद झाले. "मी मुद्दाम नाही केलं," ती पातेल्याकडे बघत म्हणाली. "तुला वाटलं असेल."

"वाटलं."

"हं."

ओलं सूत घेऊन भुवनेश्वरी हॉलमध्ये आली. खोलीत नाही, गॅलरीत नाही. बरोबर पंख्याखाली, पाळण्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि टोपड्याच्या कडेतून एकेक टाका सुईवर घेऊ लागली. काका बघतच राहिले.

"हे काय नवीन?"

"मी करते की मॅडम करतात, बघायचं होतं ना? बघा."

"मुहूर्त तुझ्यासाठी थांबणार आहे का? धनू, बाळाला घे."

धनलक्ष्मी मखमल घेऊन पुढे झाली. पण भीमाबाईची मांडी रिकामी होती. आतल्या खोलीचं दार लावलेलं, आणि दारासमोर भीमाबाई पाट टाकून बसलेली.

"पोरगी दूध पिती हाय," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच तर. भूक काय टीवीवरचा कागुद वाचून लागती व्हय?"

"किती वेळ लागेल?"

"आता ते तिला इचारा. तेरा दिसांची हाय, सांगंल की."

काका तोंडातल्या तोंडात म्हणाले, "जेऊरकरांना आमच्या रीती काय कळायच्या."

भीमाबाईने ऐकलं. तोवर तिला या भांडणात काही रस नव्हता. आरोही काय आणि शिवम्मा काय, ती तिला चिमणीच म्हणणार होती. पण आता तिने पाट आणखी दाराला चिकटवला. "न्हाय कळत, अण्णा. आमी शेतातली मानसं. आमाला येवडंच कळतं, पिणारं लेकरू उचलायचं नस्तं."

आतून अंकिताचा आवाज आला, गोड आणि अगदी ठाम. "आई, सांग गं, एका बाजूचं झालंय. दुसरी बाजू राहिलीय."

मल्लेश घुगऱ्यांचं पातेलं घेऊन भिंतीला टेकला आणि दाराकडे बघत राहिला. अंकिताला समजावायचं काम त्याच्याकडे होतं.

पहिली ओळ सुलटी. ओलं सूत सुईवर कुरकुरत होतं, सरकत नव्हतं. भुवनेश्वरीची मान भरून आली, विणकामासाठी केलेला नवा चष्मा घामाने नाकावरून घसरू लागला. आजूबाजूला नातेवाइकांचं रिंगण धरलेलं, कुणी खुर्चीत, कुणी भिंतीला, सगळ्यांना भूक लागलेली, आणि भुकेलेल्या माणसाच्या तोंडाला काय, लगाम नसतो.

"एवढं विणता येत होतं तर नवऱ्याला एखादा स्वेटर विणायचा होता. टिकलं असतं."

"दुधनीत स्वेटर? उकडून पळाली असती आधीच."

"पळालीच की."

हसू. धनलक्ष्मीने मोबाइल जवळ आणला. "अक्का, वर बघ ना. ग्रुपवर टाकते. आपली आत्या, लाइव्ह."

"टाक," भुवनेश्वरी मान वर न करता म्हणाली. "हात नीट दिसू देत."

तिसरी ओळ. पाचवी. एक टाका गळाला आणि दोन ओळी खाली घरंगळला. तिने दोरा चिमटीत धरला.

"ओढू नकोस," विजयमालाबाई खुर्चीतून गुरगुरल्या. उठल्या मात्र नाहीत. आपण हात लावला तर सगळं फुकट, हे त्यांना कळत होतं. त्या हात पाठीमागे बांधून बसल्या, एखाद्या शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. "क्रोशाची सुई घे. खालून. पायरी पायरीने. अगं, उजवीकडचा! दोन महिने काय शिकवलं मी, पालथ्या घड्यावर पाणी ओतलं का?"

टाका वर आला. सातवी ओळ. काशम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, दिरासमोर असते तशी, पदर डोक्यावर, अर्धी चौकटीआड. आठवी. नववी. शेवटची ओळ बंद करून तिने मागची शिवण घातली, दोरा दाताने तोडला. बारा सतरा.

दार उघडलं. अंकिता बाळाला घेऊन आली. दुधाने सुस्तावलेलं, ओठांच्या कोपऱ्यात एक पांढरा थेंब. भुवनेश्वरीने टोपडं चढवलं. ते खाली आलं, कपाळावर आलं, कानांवर आलं आणि राहिलं. पट्टी एका बाजूला जरा झुकली होती. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं तरी.

काका उठून उभे राहिले. आता त्यांच्यापाशी रीत उरली नव्हती, म्हणून जे होतं तेच त्यांनी काढलं. शेजारच्या खोलीतलं, पहिल्यांदाच इकडच्या खोलीत.

"टोपडं झालं, कबूल. पण नवऱ्याचं घर टाकून आलेल्या बाईनं पाळण्याला हात लावायचा? आमच्या घरात? वहिनी, तुम्ही तरी सांगा लेकीला."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. काशम्माने पदर सारखा केला. पस्तीस वर्षांत तिने या दिराला हो, नाही आणि वाढू का, याखेरीज काही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.  

"भावोजी, अट तुम्ही घातली."

"अहो, पण..."

"हातचं पाहिजे म्हणालात. हातचं झालं. तुमच्या लेकीनं त्याचा सिनेमा काढला. आता आणखी काय काढायचं राहिलंय?" तिने एक पाऊल चौकटीच्या बाहेर टाकलं. लाल झालेले तळवे तिने पोटाशी धरले होते. "सुम्मनिर्री."

गप्प बसा. पोराला म्हणतात तसं, फक्त शेवटी आदराचा प्रत्यय लावून. भीमाबाईला कानडी येत नव्हतं, पण तिनेही मान डोलावली. काकांनी आजूबाजूला पाहिलं. मग खुर्ची शोधल्यासारखं करून बसले आणि टीव्हीवरचा कागद वाचू लागले, जणू त्यात पुढचं काही लिहिलंय.

बाळ पाळण्यात ठेवलं. दोरी अंकिताने धरली. भुवनेश्वरी वाकली.

पाळण्यात दुधाचा आणि कांजीचा वास होता. एवढासा कान, पट्टीखाली अर्धा लपलेला. तिने बोटाने कड उचलली. या क्षणी घरातला प्रत्येक जण तिच्या ओठांकडे बघत होता, आणि जे नाव ती उच्चारील तेच पाळण्यातलं नाव ठरणार होतं. शिवम्मा म्हणाली असती तर काकांनी सहा वर्षं पुसून टाकली असती. तिसरंच एखादं म्हणाली असती तर मल्लेशला चांगला धडा मिळाला असता. तिच्या जिभेवर ते आलंही होतं. मग तिने दोरी धरलेल्या अंकिताकडे पाहिलं. केस विस्कटलेले, ब्लाउज ओला, डोळ्यांखाली तेरा रात्रींचं जागरण. ती पस्तीस मिनिटं दार लावून बसली होती. लेकीच्या नावासाठी बसली, तरी बसली.

"आरोही," भुवनेश्वरी त्या कानात म्हणाली. "आरोही गं. कुर्रर्र."

आणि पाठीवर धपाटे पडू लागले. रीतच ती, आत्याने नाव सांगितलं की मागे उभ्या बायकांनी तिला बडवायचं. पहिला भीमाबाईचा, शेतातला, दणदणीत. मग बांगड्यांचा खणखणाट, म्हणजे धनलक्ष्मी. तिने मखमलीचा सगळा राग एका गुद्द्यात काढला. विजयमालाबाईंनीही, नात्यात नसताना, एक ठेवून दिला. मग आणखी कुणी, आणखी कुणी. सहा वर्षं ज्या हातांनी तिला कुंकू लावायचं टाळलं होतं ते सगळे हात तिच्या पाठीवर येऊन आदळत होते, आणि भुवनेश्वरी पाळण्याची कडी घट्ट धरून, दात दाबून हसत होती.

शेवटचा धपाटा सगळ्यात जोराचा होता. तळवा तापलेला. तो पडला आणि पाठीवरच राहिला.

"डावीकडची कड वाकडी आहे," मागून काशम्मा म्हणाली. "दिसत नाही का? एवढे पैसे देऊन चष्मा केलाय."